टोस्ट्रुडसर हात धुतात

फर्न लेकच्या लूथरन चर्चच्या तळघरात दर रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी असते, आणि त्या कॉफीवर बोललेलं वाक्य परत घ्यायची सोय नसते. टोस्ट्रुडसरांना हे ठाऊक असायला हवं होतं. चौतीस वर्षं त्यांनी गावच्या हायस्कुलात उपमुख्याध्यापकी केली होती आणि 'तोंड उघडण्याआधी डोकं उघडावं' हे निदान तीन हजार पोरांना ऐकवलं होतं. पण त्या दिवशी विषयच तसा निघाला.

गावातल्या टमारॅक वृद्धाश्रमाची पूर्वेकडची बाजू बंद पडायला आली होती. इमारत ठीक होती, खाटा ठीक होत्या, म्हातारी माणसं तर मिनेसोटाच्या हिवाळ्यांत मुरून इतकी टिकाऊ झाली होती, की नव्वदीच्या आत गेलेल्याला गावात 'अकाली गेला' म्हणत. कमी होती ती त्यांना उठवणारी, बसवणारी, न्हाऊमाखू घालणारी माणसं. एक नोव्हेंबरपर्यंत आठ नवे सर्टिफिकेटवाले नर्सिंग असिस्टंट उभे राहिले नाहीत, तर तिकडच्या बावीस जणांना नव्वद मैलांवरच्या दुसऱ्या आश्रमात हलवणार होते. म्हणून आश्रमाने फुकट प्रशिक्षण जाहीर केलं होतं. सात नावं आली होती. आठवं येईना.

"लोकांना झालंय काय, तेच कळत नाही," टोस्ट्रुडसर केकचा तुकडा मोडत म्हणाले. "फुकट शिकवतायत. सहा आठवड्यांचा तर प्रश्न. म्हाताऱ्या माणसाला खाटेवरून उचलून खुर्चीत बसवायला असं काय मोठं शास्त्र लागतं?"

नावं लिहून घेणाऱ्या पास्टरबाईंच्या हातात पेन होतं.

"अय्या, लाइल! तुम्ही तयार आहात?"

"नाही नाही, मी आपलं सर्वसाधारण बोलत होतो," सर म्हणाले.

"किती हो चांगले तुम्ही."

"छे, मला कुठलं जमतंय."

"विनय बघा यांचा!"

"अहो, खरंच नको."

आता फर्न लेकमध्ये एक रीत आहे. कॉफी असो, केकचा शेवटचा तुकडा असो, की मंडळाचं अध्यक्षपद. सभ्य माणसाने तीनदा नाही म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं. टोस्ट्रुडसरांचे तीन नकार मोजून झाले होते. पास्टरबाईंनी नाव लिहून टाकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिनेसोटातल्या टाळ्या म्हणजे दोनदा हात एकमेकांना लावणं, पण तेवढ्याने काम झालं.

घरी आल्यावर सरांच्या पत्नी आर्लिसबाई म्हणाल्या, "बरं झालं. आईची खोली पूर्वेकडेच आहे."

हे सरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सासूबाई, म्हणजे सिग्ने ऑसबी, वय एक्याण्णव, पूर्व बाजू, खोली क्रमांक चौदा.

"मग नव्वद मैलांवर नाही का जाता येणार त्यांना?" सरांनी चाचपून पाहिलं.

"येईल की. नाहीतर आपल्या तळघरात राहील. मी काल टेप घेऊन मोजून आले. तुझी होडी बाहेर काढली, तर खाट अगदी नीट बसते."

ही होडी टोस्ट्रुडसर पाच वर्षं बनवत होते. तिला अजून एकच बाजू होती, पण ती बाजू अप्रतिम होती. त्यांनी मुकाट्याने अर्ज भरायला घेतला.

शेजारच्या व्हर्न बक्केला ही बातमी सोमवारी सकाळी सातपर्यंत कळलेली होती. व्हर्न एकेचाळीस वर्षं गावचा पोस्टमन होता. निवृत्त झाल्यावर पत्रं थांबली, बातम्या थांबल्या नाहीत. कुंपणाशी उभा राहून तो म्हणाला, "लाइल, तुझी कंबर गेली असं समज."

"अजून सुरुवातही झालेली नाही."

"माझ्या मेहुणीच्या नणंदेने हे काम केलंय. बूट एक नंबर मोठे घे. नाकाखाली बाम लाव. आणि चावणाऱ्यांपासून जप."

"कोण चावतं?"

"शांत दिसणारे," व्हर्न म्हणाला, आणि यापलीकडे सांगायचं त्याने नाकारलं.

सासूबाईंना आर्लिसबाईंनी रविवारच्या भेटीत सांगितलं. सासूबाईंनी लेकीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. "म्हणजे आता एवढी वेळ आली," त्या म्हणाल्या. वेळ कोणावर आली, हे त्यांनी मोघमच ठेवलं.

फुकट प्रशिक्षणाचा पहिला धडा असा, की त्यात शिरायला फार कागद लागतात. क्षयाची तपासणी लागते. हाताच्या आतल्या बाजूला एक इंजेक्शन देतात आणि दोन दिवस खाजवू नका म्हणतात. सरांनी खाजवलं नाही. पण व्हर्नने 'बघू, बघू' करत बोटाने दाबून पाहिलं, हात टम्म फुगला, आणि सरांना छातीचा फोटो काढायला शेजारच्या गावी जावं लागलं. छाती स्वच्छ निघाली. मग बोटांचे ठसे. शेरीफच्या कचेरीत एक तरुण अधिकारी होता, तो अर्थातच सरांचा जुना विद्यार्थी. त्याने सरांची दहाही बोटं काचेवर तीन-तीनदा दाबली. यंत्र काही घेईना. होडीला पाच वर्षं पॉलिशपेपर घासून सरांच्या बोटांवरच्या रेघाच पुसल्या गेल्या होत्या.

"सर, तुम्हाला ठसेच नाहीत," अधिकारी कौतुकाने म्हणाला. "तुम्ही तर बँक लुटायला हवी होती."

पंधरा दिवस पॉलिशपेपरला हात न लावता परत या, असं ठरलं. होडी तशीच एका बाजूची राहिली.

पण खरा घात केला अर्जातल्या अकराव्या प्रश्नाने. 'आपण कधी कोणत्याही कायद्याचा भंग केला आहे काय?' बाकीच्या सातही जणांनी 'नाही' वर फुली मारली आणि जेवायला गेले. त्यांच्यातल्या एकाने तर तरुणपणी गावातला एकुलता एक सिग्नल उपटून घरी नेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. टोस्ट्रुडसर मात्र त्या प्रश्नासमोर पाऊण तास बसले. माणसाने चौतीस वर्षं पोरांना खरं बोलायला लावलं, की शेवटी त्याला त्याची बाधा होते. त्यांनी 'होय' वर फुली मारली आणि 'सविस्तर लिहा' या अडीच ओळींच्या जागेत मावेना म्हणून तीन पानं जोडली. सारांश असा: एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात एका माणसाला दिवसाला सहा वॉलाय मासे पकडायची परवानगी असताना अर्जदाराकडे सात निघाले. दंड झाला. अर्जदाराला पश्चात्ताप आहे.

अर्ज राजधानीला, सेंट पॉलला गेला आणि तिथेच अडकला.

वर्ग मात्र सुरू झाला. शिकवायला होदान वारसामे नावाच्या नर्स होत्या. वय असेल चौतीस, डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेला. लहानपणी सोमालियातून आलेल्या, वाढलेल्या मिनियापोलिसला, आणि बर्फाबद्दल तक्रार करण्यात अस्सल इथल्याच. गावात चाळिशीच्या आतला टोस्ट्रुडसरांचा विद्यार्थी नसलेला माणूस विरळा. होदानबाई तशा निघाल्या. सरांना हे आधी बरं वाटलं. पहिल्या दहा मिनिटांनंतर वाटेनासं झालं.

"मिस्टर टोस्ट्रुड, खोलीत जाऊन दाखवा."

वर्गाच्या कोपऱ्यात पडदा लावलेली एक खाट होती आणि खाटेवर रबरी म्हातारा. सर ताडताड चालत गेले आणि पडदा सरकवून म्हणाले, "काय चाललंय इथे?"

चौतीस वर्षांत मुलांच्या स्वच्छतागृहात शिरताना ते हेच म्हणत आले होते. तोंडात बसलेलं वाक्य.

"बाहेर जा," होदानबाई म्हणाल्या. "दार वाजवा. हो म्हणेपर्यंत थांबा. नाव सांगा. त्यांना काय म्हणून हाक मारलेली आवडेल ते विचारा. काय करणार आहात ते आधी सांगा, मग हात लावा. ही त्यांची खोली आहे, तुमची नाही."

"पण हा रबराचा आहे."

"म्हणून तर तुमची तक्रार करत नाहीये. पुन्हा."

त्या दिवशी टोस्ट्रुडसर नऊ वेळा बाहेर गेले. बाहेर उभं राहून दारावर टकटक करायची वेळ त्यांनी आजवर दुसऱ्यांवर आणली होती. दाराची ही बाजू त्यांना नवी होती.

दोघादोघांच्या जोड्या लावल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला ड्वेन क्रुपा आला. सिग्नल उपटून नेणारा तो हाच. शाळेत असताना सरांनी त्याला तीनदा घरी बसवलं होतं. आता तो बेचाळीस वर्षांचा, दरवाजाएवढा रुंद. ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान बसल्यावर इकडे आलेला. जोडीदाराने जोडीदाराला दही भरवायचं, दात घासून द्यायचे, कमरेला पट्टा बांधून उठवायचं, असा अभ्यास होता.

"सर, तोंड उघडा," ड्वेन चमचा पुढे करत हळुवारपणे म्हणाला. "घाई नाही. गिळलं का? गिळलं की सांगा."

"मला कळतं कसं गिळायचं ते."

"असं चिडायचं नाही, सर. रुग्ण चिडला की आपण शांत राहायचं, पान बावीस." मग शेजारच्या जोडीला ऐकू जाईल अशा बेताने, "तुम्ही मला घरी पाठवलंत ना, तेव्हा मी आजीला असंच भरवत बसायचो. दोन आठवडे मजेत गेले."

ड्वेनचे हात ट्रॅक्टरचे होते, पण त्याने कूस बदलून दिलेल्या माणसाची झोप मोडत नसे. सरांनी कूस बदलून दिली, की रबरी म्हातारा खाटेखाली जाई. होदानबाई वहीत काहीतरी टिपत. काय टिपतात ते सर उलटं वाचायचा प्रयत्न करत, आणि होदानबाई वही मिटत. हाही प्रकार सरांनी आजवर दुसऱ्या बाजूने केलेला होता.

म्हणून मग त्यांनी घरी सराव सुरू केला. आठवडाभर आर्लिसबाईंना स्वतःच्या स्वयंपाकघरात उठायला-बसायला पट्टा बांधून घ्यावा लागला. रात्रीच्या जेवणात ओव्हनमध्ये भाजलेलं मटार-बटाट्याचं कालवण दर घासाला 'आता मी चमचा डावीकडून आणतोय' या घोषणेसह येई. गल्लीतल्या सगळ्यांचं बी.पी. दिवसातून दोनदा मोजलं जाऊ लागलं, त्यामुळे ते सगळ्यांचंच वाढलं. आठव्या दिवशी आर्लिसबाई म्हणाल्या, "लाइल, मी अजून धडधाकट आहे. आजारी माणूस शोध."

आजारी माणूस कुंपणापलीकडे तयारच होता.

"कवळी धुवायचा धडा आहे ना?" व्हर्न म्हणाला. "घे." आणि त्याने तोंडात हात घालून वरची आणि खालची, दोन्ही काढून दिल्या. एवढा निःस्वार्थी शेजारी मिळायला भाग्य लागतं, हे सरांनी नंतर अनेकदा मान्य केलं.

पुस्तकात लिहिलं होतं, की कवळी धुताना आधी बेसिनच्या तळाशी टॉवेल अंथरावा. का, ते लिहिलेलं नव्हतं. टोस्ट्रुडसरांना कारण न दिलेल्या नियमांचं तसंही वावडं. स्वतः केलेले सोडून. न्हाणीघरात आर्लिसबाई होत्या म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातलं बेसिन घेतलं. त्या बेसिनच्या भोकाखाली उष्टंखरकटं दळून वाहून नेणारी चक्की बसवलेली होती. खालची कवळी नीट धुतली गेली. वरची साबणाने निसटली आणि भोकात गेली. सरांनी ती दिसावी म्हणून दिवा लावला. दिव्याचं बटण आणि चक्कीचं बटण शेजारी शेजारी आहेत.

तो आवाज व्हर्नने अंगणातून ऐकला. "काय दळतोयस रे?" त्याने हाक मारली, म्हणजे त्या अर्थाचं काहीतरी, दातांशिवाय त्याचं बोलणं नीट कळत नव्हतं.

नवी कवळी यायला तीन आठवडे लागणार होते. आणि त्या शनिवारी चर्चचं लूटफिस्कचं वार्षिक जेवण होतं. लूटफिस्क म्हणजे खारात भिजवून भिजवून खळीसारखा थुलथुलीत केलेला मासा. तो खायला दात लागत नाहीत, फक्त श्रद्धा लागते. त्यामुळे जेवणाचा प्रश्न आला नाही. पण माईकवर उभं राहून पंगतीचे नंबर पुकारायचा मान वीस वर्षं व्हर्नचा होता आणि तो सोडायला तो तयार नव्हता.

"फाठ ते फत्तर!" व्हर्नने पुकारलं.

चारशे माणसांतलं कोणी उठेना.

"फाठ ते फत्तर! अरे, मासा गार होतोय!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग, हळूहळू, टोस्ट्रुडसरांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. फर्न लेकमध्ये बोलत नाहीत. नुसतं बटाट्याचं भांडं तुमच्यापर्यंत येता येता दुसऱ्या बाजूने फिरून जातं.

त्याच आठवड्यात सेंट पॉलहून फोन आला. आर्लिसबाईंनी उचलला आणि सवयीने सगळ्यांना ऐकू जाईल असं बटण दाबलं.

"मिस्टर टोस्ट्रुड, तुमची फाईल माझ्यासमोर आहे," एक थकलेला आवाज म्हणाला. "अकराव्या प्रश्नाला तीन पानं जोडलीयत. मला एकच विचारायचंय. त्या सातव्या माशाचं काय झालं?"

"खाल्ला," सर म्हणाले.

"बरं. बाकी कोणाला इजा वगैरे?"

"नाही."

"मग हे तुम्ही आम्हाला का कळवलंत?"

"प्रश्न होता म्हणून."

"बारा वर्षं इथे आहे मी," आवाज म्हणाला. "या प्रश्नाला 'होय' म्हणणारे तुम्ही पहिले. त्यासाठी कोणता शिक्का मारायचा, हेच इथे कोणाला माहीत नाही. बघतो."

फोन ठेवल्यावर आर्लिसबाईंनी विचारलं, "चौऱ्याऐंशीचा ऑक्टोबर म्हणजे शिक्षक परिषदेला गेला होतास ना तू? चार दिवस?"

टोस्ट्रुडसर तळघरात गेले आणि होडीच्या एकुलत्या एका बाजूशेजारी बसून राहिले.

तरीपण शिक्का सापडला, ठसे उमटले, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर परीक्षेचा दिवस उजाडला. लेखी परीक्षेत सरांना शंभरपैकी शंभर मिळाले. त्यांनी दोन प्रश्नांतल्या व्याकरणाच्या चुकाही दुरुस्त करून दिल्या. दुपारी प्रात्यक्षिक. परीक्षक बाहेरगावच्या, तोंडावरची माशीसुद्धा हलत नाही अशा बाई. रुग्ण म्हणून खाटेवर ड्वेन.

सरांनी दार वाजवलं. नाव सांगितलं. पडदा ओढला. खाटेची चाकं अडकवली. ड्वेनला पट्टा बांधला, गुडघे वाकवले, एक-दोन-तीन म्हटलं, आणि तो सव्वाशे किलोंचा माणूस खुर्चीत असा अलगद बसवला, की ड्वेनच्या तोंडून आपसूक 'वा, सर' निघालं. रुग्णाने बोलायचं नसतं. परीक्षकबाईंनी तेही टिपलं. घंटेचं बटण ड्वेनच्या हाताशी ठेवून सर शेवटच्या कामाकडे वळले. शेवटचं काम हात धुणं. वीस सेकंद, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. सरांनी हात असे धुतले, की शल्यविशारदांनी बघत बसावं. मग त्यांनी त्या स्वच्छ हाताने नळ बंद केला.

नळ कागदाच्या रुमालाने बंद करायचा असतो. तो आपण घाणेरड्या हाताने उघडलेला असतो.

"धन्यवाद," परीक्षकबाई म्हणाल्या. "नापास."

ज्या माणसाने चौतीस वर्षं शाळेच्या प्रत्येक बेसिनवर 'हात धुतलेस का?' अशी पाटी स्वतःच्या अक्षरात लावली, तो हात धुण्यात नापास झाला. बाकीचे सातही पास झाले. ही बातमी गावात कशी पोचली, ते कळायला मार्ग नाही. कारण व्हर्नचं बोलणं तर तेव्हा कोणालाच कळत नव्हतं.

सर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ड्वेन आला. दारात उभा राहून त्याने दार वाजवलं, हो म्हणेपर्यंत थांबला, मग आत आला.

"सर, अठ्ठावीस तारखेला पुन्हा परीक्षा आहे. इथून दोन तासांच्या वाटेवर. मी गाडी घेऊन येतो."

"तू पास झालास. तू कशाला येतोस?"

"रुग्ण कोण होणार मग? तुमच्या उचलण्याची सवय आता मलाच आहे." तो घुटमळला. "आणि पास झालेले आम्ही सातच आहोत, सर. माझी आजी पूर्वेलाच आहे. खोली नऊ. तुम्ही फेल झालात, तर तीपण जाते."

सरांना हे माहीत नव्हतं. सहा आठवडे त्या माणसाच्या हातून दही खाऊनही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "बेसिन तिकडे आहे," शेवटी ते म्हणाले. "चल. नजर ठेव माझ्यावर."

त्या दहा दिवसांत टोस्ट्रुडसरांच्या हातांची सालं निघाली. अठ्ठावीस तारखेला पहिला बर्फ पडला, रस्ता निसरडा झाला, आणि ड्वेनने गाडी ताशी तीस मैलांनी नेली, तेव्हा सरांनी त्याला सावकाश चालवायला सांगितलं. परीक्षक त्याच बाई होत्या. सरांनी हात धुतले, कागदाचा रुमाल घेतला, त्याने नळ बंद केला, रुमाल टाकला, आणि मग हात कशालाही लागू नयेत म्हणून ते दोन्ही हात खांद्याएवढे वर धरून उभे राहिले.

"हात खाली घेतलेत तरी चालेल," परीक्षकबाई म्हणाल्या. "पास."

अशा रीतीने पूर्व बाजू राहिली.

कामाचा तिसरा दिवस. सकाळचे साडेआठ. ड्वेन नऊ नंबरात आजीला आंघोळ घालत होता, त्या पाळीतल्या बाकीच्या दोघी न्याहारीच्या दालनात होत्या, आणि बोळात एका दारावरचा बोलावण्याचा दिवा लागला. खोली चौदा.

टोस्ट्रुडसर त्या दिव्याकडे बघत उभे राहिले. आधीचे दोन दिवस ती खोली इतरांनी न सांगता आपसांत वाटून घेतली होती. पण दिवा लागला की जो जवळ असेल त्याने जायचं, हा नियम होता आणि त्याचं कारणही स्पष्ट होतं. त्यांनी दार वाजवलं.

"कोण?"

"मी लाइल. तुमचा नर्सिंग असिस्टंट. आत येऊ का?"

मग सासूबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा वरच्या पट्टीतला, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला.

"या. तुम्ही नवीन दिसताय."

तुम्ही! छत्तीस वर्षांत त्यांनी जावयाला 'तू'शिवाय संबोधलं नव्हतं. आणि जावयाने त्यांना कशानेच संबोधलं नव्हतं. 'आई' जिभेवर येईना, 'सिग्ने' म्हणायचं धाडस होईना, म्हणून तो छत्तीस वर्षं त्यांच्यासमोर नुसता खाकरून बोलायला सुरुवात करत आला होता.

"हो, नवीनच," सर म्हणाले. "तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?"

सासूबाईंनी विचार केला. "मिसेस ऑसबी म्हणा. आपली अजून ओळख नाही."

"बरं, मिसेस ऑसबी. काय हवंय?"

"बाथरूमला जायचंय. लवकर."

सरांनी पडदा ओढला. काय करणार ते आधी सांगितलं, मग हात लावला. पट्टा बांधला, गुडघे वाकवले, एक-दोन-तीन. म्हातारी हलकी होती, ड्वेनच्या निम्मीही नाही, आणि उठताना तिने त्यांच्या कोपराला घट्ट धरलं. पुढची दहा मिनिटं त्या बंद दाराआड जे काम होतं ते झालं. दोघंही छताच्या कोपऱ्याकडे बघत होती. मग सरांनी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर पांघरूण घातलं, घंटेचं बटण हाताशी दिलं आणि हात धुतले.

"माझा एक जावई आहे," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "त्याचंही नाव लाइल."

"असं का, मिसेस ऑसबी?"

"दर रविवारी येतो. चाळीस मिनिटं बसतो. बर्फाबद्दल बोलतो आणि घड्याळ बघतो."

सर पांघरुणाचं टोक सारखं करत राहिले. "त्रास देतो का?"

"छे, त्रास नाही. शिकवतो फार." त्या अजून बाहेरच बघत होत्या. "आमचे हे गेले त्या दिवशी दोनशे लोक जमले होते आणि बाहेर नुसता चिखल. याने सूट घालून चिखलात उभं राहून एकेक गाडी रांगेला लावून दिली. दोन तास. आत आलाच नाही. त्याचे बूट गेले कामातून. मला बोलायचं होतं काहीतरी, पण ते राहिलं. आता एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी कसा विषय काढायचा?"

बाहेर बोळात न्याहारीची ढकलगाडी खडखडत गेली.

"मी सांगू का त्यांना?" सरांनी विचारलं.

"मुळीच नाही!" सासूबाई झटकन वळल्या. "त्याला कळलं, तर तासभर बसेल."

सरांनी मान डोलावली, आणखी काही हवंय का विचारलं, नको म्हटल्यावर दार अर्धवट लावून बाहेर आले. बोळात ते थोडा वेळ भिंतीला टेकून उभे होते. ड्वेनने पाहिलं आणि कंबर धरली का म्हणून विचारलं. सर हो म्हणाले.

रविवारी ते आर्लिसबाईंबरोबर कोट-टोपी घालून चौदा नंबरात गेले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. बर्फाबद्दल बोलून झालं. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली, तास झाला. आर्लिसबाईंनी पर्स उचलून पुन्हा खाली ठेवली. सव्वा तास झाल्यावर सासूबाईंनी लेकीकडे बघून विचारलं, "याला घरी काही काम नाही का गं?"

"आहे की," आर्लिसबाई म्हणाल्या.

"मग बसू दे," सासूबाई म्हणाल्या.